नाना, दोष एकट्या माझ्या तेलाचा नव्हता

नाना, गाडी सुरू झाली. पहिल्याच किल्लीला.

पानिपतच्या धर्मशाळेच्या अंगणात ती रात्रभर उघड्यावर उभी होती. पत्र्याखाली जागा होती आणि सतपालने ती तिथे लावलीही होती. मीच बाहेर काढायला लावली. तो म्हणाला, "मॅडम, सुबह रोना मत." मी म्हटलं, बाबा रे, इतकी वर्षं माझी गाडी चालवतोस, मला रडताना कधी पाहिलं आहेस का? सकाळी समोरची भिंत दिसत नव्हती इतकं धुकं होतं. आपल्या मराठी मंडळाची माणसं मफलर गुंडाळून, कागदी कपातला चहा धरून, गाडीपासून जरा लांबच उभी होती. लांब का, ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या संक्रांतीला जी जवळ होती त्यांना धक्का मारावा लागला होता.

सतपालने किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि लागली. मागून पांढरा धूर आला आणि अंगणभर भजी तळल्याचा वास पसरला.

पाठकबाईंनी मला मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. तुमचा जन्म, शिक्षण, सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी, लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमधली वर्षं, हे सगळं त्या स्वतः चौकटीत छापणार आहेत. मी म्हटलं, मग मी काय लिहू? त्या म्हणाल्या, तुमच्या आठवणी लिहा, दोन शब्द चांगले लिहा. शोकसभेत मी गप्प बसले होते म्हणून त्यांना वाटलं असेल की मला दुःखाने बोलता आलं नाही. दुःख होतंच. पण मी गप्प होते ते रागाने. तुम्ही माझ्याशी भांडण अर्धवट टाकून गेलात. असा माणूस मला अजिबात आवडत नाही.

तेव्हा चांगले शब्द नंतर. आधी भांडण.

आपली ओळखच भांडणाने झाली. दिल्लीच्या द्वारकेतल्या माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक सायकलवाला यायचा आणि तळून काळं झालेलं तेल घेऊन जायचा. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचे डबे करता करता मी ऑफिसांच्या जेवणापर्यंत पोचले होते. तेल पिंपाने निघायचं आणि ते विकलं जातंय याचा मला आनंदच होता. एक दिवस सायकलवाल्याच्या मागे तुम्ही उभे. स्वेटर, पायांत चपला, हातात दुधाची पिशवी. मला विचारलंत, "हे तेल कुठे जातं, ठाऊक आहे का?" मी म्हटलं, तुम्ही कोण? तुम्ही म्हणालात, "ते पुन्हा कढईत जातं. तुम्ही काढून टाकता आणि कोपऱ्यावरचा समोसेवाला त्यात तळतो. तो समोसा तुमचीच पोरं खातात." बार्शीहून नवऱ्याबरोबर आलेली मी, नवरा गेल्यावर एकटीने उभी राहिलेली, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. मी तुम्हाला दारातून घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, हातात काचेची बाटली. तिच्यात खाली काकवीसारखं काळं आणि वर चहाच्या रंगाचं पातळ काहीतरी. म्हणालात, "हे तुमचंच तेल. वरचं डिझेल आहे. तुमचे टेंपो याच्यावर चालतील."

मी बाटलीचं बूच काढून वास घेतला. माझ्या बटाटेवड्यांचा वास होता.

त्या वासाला मी भुलले, नाना. रसायन मला कळत नव्हतं, धंदा कळत होता. जे मी काढून टाकते त्यावर माझ्या गाड्या चालणार असतील तर हा म्हातारा वेडा असला तरी चालेल, असं मी त्या दिवशी तुमच्या घरी येऊन काकूंनाच तोंडावर सांगितलं. काकू म्हणाल्या, "वेडे आहेतच. पण तुम्ही हे सगळं घेऊन जात असाल तर माझं बाथरूम मोकळं होईल."

बहादूरगडला शेड घेतलं. टाक्या तुम्ही उभ्या केल्यात, तेल मी आणायचं. गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, कॉस्टिक आणि मिथेनॉल घालून ढवळायचं, काळं ग्लिसरीन खाली बसलं की वरचं काढून पाण्याने धुवायचं. मिथेनॉलच्या पिंपापाशी तुम्ही कोणाला फिरकू द्यायचा नाहीत. सतपालने एकदा तिथे बिडी काढली तर तुम्ही तिच्यासकट त्याला फाटकाबाहेर काढलं होतंत. आणि धुण्यावर तुमचा जीव. मी म्हणायची, एकदा धुतलं, आता विका. तुम्ही म्हणायचा, "अगं मंगल, इंजिनाला पोट असतं." पहिला घाणा तर सगळाच्या सगळा साबण झाला. तुम्ही म्हणालात माझं तेल फार जळकं होतं, मी म्हटलं तुम्ही कॉस्टिक जास्त घातलंत. तुम्ही दोन दिवस तोंड पाडून बसलात. मी तो साबण कापला, वड्या केल्या आणि बहादूरगडच्या गॅरेजवाल्यांना हात धुवायला विकला. अजून ते विचारतात, मॅडम, वो काला साबुन कब आएगा.

तेल विकत घ्यायला आपण बरोबर जायचो आणि तिथे तुम्ही माझा घात करायचा. माझा भाव करायचा एकच नियम आहे. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरचाही गप्प बसतो. मग जो आधी बोलेल तो हरला. या नियमावर मी संसार उभा केला आहे. नजफगडच्या त्या हलवायाकडे मी आकडा सांगितला आणि गप्प बसले. तो कढईकडे बघत होता, मी रस्त्याकडे. आता तो बोलणार, ओठ हलले होते त्याचे, आणि तुम्ही म्हणालात, "अहो मंगलताई, तेल चांगलं आहे, थोडं वाढवून द्या की." मराठीत बोललात म्हणून वाचलो असं तुम्हाला वाटलं. तो हलवाई हसला आणि म्हणाला, "बाबूजी ठीक कह रहे हैं." टेंपोत बसल्यावर मी तुम्हाला काय काय बोलले ते स्मरणिकेत छापता येणार नाही. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "मला ती शांतता सोसत नाही गं. समोरचा माणूस बिचारा वाटायला लागतो."

तुम्हाला कधीच सोसली नाही. दरवेळी तुम्हीच आधी बोललात.

आता मागच्या संक्रांतीचं. हे मी सविस्तर लिहिणार आहे कारण मंडळात याची दुसरीच गोष्ट सांगितली जाते.

दर संक्रांतीला मंडळ पानिपतच्या रणभूमीवर, कालाआंबला जातं. भाड्याची बस, पाठकबाईंची यादी, तिळगूळ, पोवाडे. तुम्ही दिवाळीच्या आधीच्या बैठकीत उभे राहिलात आणि म्हणालात, या वर्षी भाड्याची बस नको, मंगलताईंच्या गाडीने आपल्या तेलावर जाऊ. सगळ्यांना वाटलं गंमत. मग तुम्ही म्हणालात, दिवाळीत घराघरात चकल्या, शेव, कडबोळी तळली जातील. तळून उरलेलं शेंगदाण्याचं तेल टाकू नका, आम्हाला द्या. मराठी फराळाच्या तेलावर मराठी माणसं कालाआंबला जातील. टाळ्या पडल्या. बायका घरी जाऊन भांड्यांत, डब्यांत, सरबताच्या बाटल्यांत तेल भरून द्यायला लागल्या. एकीने तर मुद्दाम जास्त तेल ओतून चकल्या केल्या. मला ती कल्पना आवडली, मी खोटं कशाला बोलू. तेल फुकट येत होतं.

पण ते पुरणार नव्हतं. म्हणून मी हलवायाच्या तेलाची त्यात भर घातली. हे तुम्हाला माहीत होतं, तुमच्यासमोर घातलं.

गाडी द्वारकेतून पहाटे निघाली तेव्हा ठीक होती. मुरथलच्या अलीकडे, धुक्यात, तिने आचके दिले. मग थांबली. सतपालने फिल्टर उघडला आणि बोटावर काहीतरी घेऊन माझ्यासमोर धरलं. पांढरं, मऊ. "मॅडम, इसमें तो मक्खन जम गया." आपलं डिझेल थंडीने गोठून फिल्टरमध्ये लोण्यासारखं बसलं होतं. धक्के मारले, गरम पाणी ओतलं. काही नाही. ढाब्यापर्यंत सगळे चालत गेले, पराठे खाल्ले आणि दुसरी बस येईपर्यंत कालाआंबचा कार्यक्रम संपून गेला. पाठकबाई म्हणाल्या, "पानिपताच्या आधीच पानिपत झालं." सगळे हसले. मी पण हसले असते, गाडी माझी नसती तर.

तुम्ही हसला नाहीत. पराठ्याला हात न लावता तुम्ही खिडकीच्या काचेवरचा ओघळ बघत होतात. मला वाटलं लाज वाटतेय. मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "त्यांच्याही अंगावर दख्खनचेच कपडे होते." मी म्हटलं, नाना, इतिहास पुरे. मेकॅनिक बघा.

आणि मग मंडळाची बैठक. काय झालं ते तुम्ही सांगणार होतात. मी मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही उभे राहिलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "दोष तेलाचा आहे. बाजारातून जे तेल घेतलं, ते थंडीत टिकणारं नव्हतं."

बाजारातून तेल कोण घेतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या माना वळल्या. पाठकबाईंनी मान हलवली, म्हणजे आम्हाला वाटलंच होतं अशी. मंगलने स्वस्तात घेतलं असणार. भाव करून घेतलं असणार. मी उठले आणि गेले. तुम्ही मागून आला नाहीत.

पुढचे कितीतरी महिने तुम्ही शेडवर येत राहिलात, टाक्या धुतल्यात, मला मंगल म्हणालात, कधी मंगलताई म्हणालात, आणि त्या वाक्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मी वाट बघत होते. मी मागितलं नसतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी एकदा आकडा सांगितला की गप्प बसते. मी तर आकडाही सांगितला नव्हता. एकदाच म्हणाले होते की हिवाळ्यासाठी मोहरीचं तेल बघू या. बाटलीतलं मोहरीचं तेल इथल्या थंडीत गोठत नाही, हे द्वारकेतली कोणतीही बाई सांगेल. चित्तरंजन पार्कात, बंगाल्यांच्या वस्तीत, मासे तळणारा एक दासबाबू आहे, त्याचं तेल मोहरीचं असतं. तुम्ही उसळलात. "मोहरीचं? आणि माशाचं? मंगलताई, तेलाचा गुण वेगळा आणि त्याच्या डिझेलचा वेगळा. शिवाय मी कालाआंबला माशाच्या वासाने जाणार नाही." विषय संपला. तुमच्या घरात मोहरीच्या तेलाची बाटलीही येत नव्हती, काकू लोणच्यालासुद्धा शेंगदाण्याचं घालतात.

दिवाळी झाली आणि तुम्ही दवाखान्यात गेलात.

मी भेटायला आले ती ठरवून आले होते. विचारणार होते, स्पष्ट. तुम्ही त्या वाकड्या उशीवर टेकून होतात, नाकात नळी. मी काही बोलायच्या आधी तुम्ही विचारलंत, "थंडी पडली का गं?" मी म्हटलं, अजून नाही, नुसता धूर आहे. तुम्ही म्हणालात, "पडली की सांग." मला वाटलं तुम्हाला शाल हवी आहे. काकूंना म्हटलं नानांना थंडी वाजतेय. माझं विचारायचं राहून गेलं. थंडी पडली तेव्हा तुम्ही नव्हता.

तुम्ही गेल्यावर पाठकबाई म्हणाल्या की या संक्रांतीला भाड्याचीच बस करू, नानांच्या आठवणीला दोन मिनिटं उभे राहू. पुढे म्हणाल्या, "आणि मंगल, तू आता ते शेड बंदच कर ना. नानांचा छंद होता, तुझं त्यात काय आहे?" माझे हिशेब बघणारा माणूसही हेच म्हणत होता. सगळ्यांना वाटत होतं की म्हाताऱ्याबरोबर ते गेलं. मी उभी राहिले. म्हटलं, गाडी माझीच जाईल आणि आमच्याच तेलावर जाईल. आदल्या संध्याकाळी जाईल, रात्रभर उघड्यावर उभी राहील. सकाळी सुरू झाली नाही तर शेडला मी स्वतः कुलूप घालीन. रागात बोलले. घरी आल्यावर आठवलं, त्या वेळी माझ्याकडे थंडीत टिकणारं एक थेंब तेल नव्हतं.

आणि काकूंचा फोन आला. घरात पाहुणे होते, दूध ठेवायला फ्रीजमध्ये जागा नव्हती, तुमच्या बाटल्या घेऊन जा म्हणाल्या. श्रीखंडाच्या डब्यामागे तीन बाटल्या होत्या. मी ओट्यावर मांडल्या. पहिल्या बाटलीतलं पार गोठलेलं, तुपासारखं, बाटली उलटी केली तरी हलेना. वास घेतला, हलवायाचं. दुसरी अर्धी गढूळ, ताकासारखी, तळाशी पांढरा थर. वास घेतला, चकली. तिसरी स्वच्छ. बाटलीपलीकडचं काकूंचं बोट दिसत होतं. तिचं बूच काढलं आणि दोनदा वास घेतला.

मोहरी. आणि मासे.

काकू म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याने मला फसवलं.

सतपालला फोन केला. तो म्हणाला, "साहब ने मना किया था, मॅडम." पावसाळ्यातच त्याने तुम्हाला दासबाबूकडून कॅन आणून दिला होता. तुम्ही त्याला म्हणाला होतात, मंगलताईंना सांगू नको, डोक्यावर चढून बसतील. नाना, मी त्या दिवशी इतकी चिडले की सतपालवर फोन आपटला. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझीच गोष्ट माझ्यामागे करून बघितली. थंडी पडली की सांग म्हणालात, ते शालीसाठी नव्हतं, या बाटल्यांसाठी होतं. आणि नुसतं तेवढंच नाही. तुम्हाला हेही माहीत होतं की घोळ हलवायाच्या तेलाने जितका झाला तितकाच शेंगदाण्यानेही झाला. दख्खनचे कपडे. तुम्ही ढाब्यावरच सांगितलं होतंत, मला कळलं नाही. उन्हात वाढलेलं आपलं तेल इथल्या हिवाळ्यात आणलं तर ते कुडकुडणारच. मंडळातल्या बायकांनी इतक्या कौतुकाने दिलेलं तेल, आणि त्यांच्यासमोर उभं राहून तुम्हाला म्हणवेना की गाडी तुमच्या चकल्यांनी अडवली. म्हणून माझ्या नावाने म्हणालात.

ओट्याशी उभी राहून मी हे सगळं तुम्हाला मोठ्याने बोलले. काकू ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "त्यांना कोणाचं मन दुखवता येत नसे. घरातलं सोडून." मग म्हणाल्या, "मला रोज बोलायचे."

मी बाटल्या घेऊन गेले.

दासबाबूशी भाव करायला मी एकटी गेले. आकडा सांगितला, गप्प बसले. तो माशाला मीठ चोळत राहिला. मी गप्प. तो गप्प. शेजारून कोणी बोललं नाही. शेवटी तोच बोलला आणि मी जिंकले, आणि टेंपोत बसल्यावर कोणाला बोलावं ते कळेना.

डिझेल तुमच्या पद्धतीने केलं. तुम्ही धुवायचा त्याहून एकदा जास्तच धुतलं. माशाचा वास बराच गेला, भज्यांचा राहिला. दोन बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये ठेवल्या, एक गच्चीवर. माझ्या सुनेने विचारलं, ये क्या है मम्मी, मी म्हणाले तुझे सासरे असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

म्हणून धर्मशाळेच्या अंगणात गाडी पहिल्या किल्लीला लागली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी टपावरून एक पिशवी उतरवून घेतली आणि तुमच्या तीन बाटल्या अंगणातल्या कठड्यावर ठेवल्या. रात्रभर त्यासुद्धा बाहेरच, गाडीबरोबर होत्या. सगळे जवळ आले. पहिली दगड. दुसरी गढूळ, खाली पांढरा थर. तिसरीतून पलीकडचं धुकं दिसत होतं. मी एकेक सांगितली. हे हलवायाचं, हे आपल्या दिवाळीचं, हे मोहरीचं, ज्यावर गाडी आत्ता चालू आहे. कोणी बोललं नाही. मी पण नाही बोलले. आकडा सांगून झाला होता.

पाठकबाईंनी दुसरी बाटली उचलली, हलवली, डोळ्यांसमोर धरली. मग म्हणाल्या, "म्हणजे मागच्या वर्षी गाडी आमच्या चकल्यांनी अडवली होती."

"अर्धी," मी म्हणाले.

"आणि नानांना हे माहीत होतं?"

"होतं."

"मग बैठकीत..." त्या थांबल्या. बाटली त्यांनी कठड्यावर परत ठेवली, फार हळू, जणू तिच्यात फराळच आहे. "मंगल, आम्ही तुला वर्षभर काय काय बोललो असू."

इतकं मला पुरे होतं, नाना. खरंच पुरे होतं. सगळ्या मंडळासमोर, पानिपतच्या थंडीत, दोष एकट्या माझ्या तेलाचा नव्हता, हे ठरलं. गाडी घरघरत उभी होती. सतपालने मुद्दाम बंद केली नव्हती, त्याला भीती होती की आता पुन्हा लागली नाही तर मी त्याला उघड्यावर ठेवीन. मग सगळे चढले. कालाआंबला आपण वेळेच्या आधी पोचलो, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा. तिथे पोवाडा झाला, दोन मिनिटं उभे राहिलो, पाठकबाईंनी तुमचं नाव घेतलं. माझंही घेतलं. तिळगूळ वाटताना त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या दिवाळीत आम्ही चकल्या मोहरीत तळल्या तर चालेल का? मी म्हटलं, चकल्या शेंगदाण्यातच तळा, नाना वर उसळतील. त्या तेलाचं डिझेल उन्हाळ्यात वापरू. उन्हाळ्यात ते फर्स्टक्लास आहे, नाना. तुम्हीच म्हणायचा.

शेड बंद होणार नाही. हे लिहून ठेवते म्हणजे माझा हिशेबवाला वाचेल. आता त्या ऑफिसवाल्यांच्या कॅन्टीनचंही तेल येतंय, आणि दासबाबूने आपल्या दोन भावांशी गाठ घालून दिली आहे. काळ्या साबणाचीही मागणी आहे. तो मात्र आता ठरवून करते.

परतीच्या वाटेवर मुरथल आलं. मी सतपालला गाडी थांबवू दिली नाही. ढाबा मागे गेला. खिडकीतून थंड हवा येत होती आणि तिच्यात आपल्याच धुराचा वास होता. गाडी भरलेली होती, मागे कोणीतरी गात होतं, आणि मी तुमच्याशी भाव करायला बसले.

मी म्हटलं, श्रेयाचं बघू. मोहरी मी सुचवली. दासबाबू माझा. गाडी माझी, पैज माझी. बाटल्या तुमच्या, धुणं तुमचं, आणि पहिली बाटली घेऊन तुम्ही माझ्या दाराशी आलात, तेही तुमचं. वरून मंडळापुढे माझं नाव खराब केलंत, ते वजा. तर निम्मं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. हा माझा शेवटचा आकडा.

आणि नियमाप्रमाणे मी गप्प बसले.

सोनिपत गेलं. तुम्ही गप्प. कुंडली आली, टोल आला. तुम्ही गप्प. ज्याला हलवायाकडची दोन मिनिटांची शांतता सोसत नव्हती, तो माणूस काहीच बोलेना. समोरचा माणूस बिचारा वाटायला लागतो, असं तुम्ही म्हणालात ना, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"बरं," मी म्हणाले, "पाऊण घ्या."

सतपाल आरशातून बघून म्हणाला, "जी मॅडम?"

मी म्हटलं, तुला नाही. गाडी चालव.